लांब असेल त्याची चाल

संत्र्याच्या झाडाची माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चकती जाऊन झाडावर आदळली, चार पानं गळाली, की भाऊ दोन्ही हात जोडून त्या झाडाला म्हणायचे, "माफ कर वं माय, ह्या पोट्ट्याले अजून अक्कल नाई." हा पोट्टा म्हणजे मी. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, बुटीबोरीच्या एका कापड कंपनीत मेंटेनन्सला इंजिनिअर होतो, अकरा माणसं मला साहेब म्हणत होती, आणि दर रविवारी सकाळी एका झाडासमोर माझी अक्कल काढली जात होती. त्या रविवारांची मला इतकी आठवण येईल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

भाऊ म्हणजे आमच्याच खात्यातले सगळ्यात जुने फोरमन. नाव होतं त्यांना, पगारपत्रकावर असायचं, पण मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे 'भाऊ'च म्हणत. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि खडूचा तुकडा. काटोल रोडला, शहर संपून हवा बदलते तिथे, त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. झाडं म्हातारी झालेली, फळ जेमतेम. तिथेच दोन खोल्या बांधून ते आणि वहिनी राहत. लेक बंगळुरूला. जमिनीचे प्लॉट पाडा म्हणून लोक येऊन बसत, चहा पिऊन जात. भाऊंना झाडं तोडायची नव्हती, कारण त्या झाडांमधून त्यांनी गोल्फचं मैदान आखलं होतं.

गोल्फ म्हटल्यावर कोणीही हसतं, मीही हसलो. मशिनच्या ट्रेनिंगसाठी कंपनीने एकदा त्यांना सहा आठवडे युरोपातल्या एका थंडगार देशात पाठवलं होतं. रविवारी तिथे करायला काही नाही, भाषा येत नाही, जेवणात मीठ नाही. गेस्ट हाउसच्या मागच्या जंगलात एक म्हातारा एकटाच प्लास्टिकच्या चकत्या फेकत हिंडायचा. तिसऱ्या रविवारी त्याने एक चकती भाऊंच्या हातात दिली. दोघांना एकमेकांचा एक शब्द समजत नव्हता. भाऊ परत आले ते चॉकलेटं न घेता तीन चकत्या घेऊन. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने विचारलं, हे काय? भाऊ म्हणाले, प्लेटी. जेवायच्या? नाही, उडवायच्या. साहेबाने त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं होतं.

या खेळात खड्ड्याच्या जागी टोपली असते. खांबावर वर एक कडं, कड्यातून साखळ्या लोंबतात, खाली टोपली. चकती साखळ्यांवर आपटली की खाली पडते. भाऊंनी जुन्या सायकलींची रिंग घेतली, सायकलच्याच चेन रॉकेलमध्ये धुऊन टांगल्या, खाली भोकं पाडलेलं घमेलं बसवलं. अशा नऊ टोपल्या त्यांनी दोन वर्षांत उभ्या केल्या. चेनवर चकती आपटली की खण्ण असा आवाज यायचा आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पडली का एकदाची?"

माझी शिकवणी बगीच्यातल्या पहिल्याच भेटीत झाली. खरं तर मी गेलो होतो संत्री आणायला.

"हे काय आहे, भाऊ?"

"गोल्फ."

"गोल्फले तर काठी लागते ना."

"त्यायले लागते. आपल्याले हात हाये." त्यांनी विटांच्या एका ओळीवर मला उभं केलं. "हे पाह्य. इथून पहिली फेक. चकती जिथं पडली तिथून दुसरी. मंग तिथून तिसरी. टोपलीत पडेपर्यंत मोजत जा. नऊ टोपल्या झाल्या का बेरीज कर. ज्याच्या फेका कमी, तो जिंकला. झालं, आला तुले खेळ."

मी सगळा जोर लावून फेकली. चकती आधी वर गेली, मग आडवी वळली आणि बाभळीत अडकली.

"हातानं नको फेकू," भाऊ म्हणाले. "हात फक्त निरोप देते. फेकते ते कंबर. अंगठा वर, बोटं खाली, आणि तव्यावर भाकर सोडते ना, तशी आडवी सोड. वाकडी सोडशीन तर वाकडी जाईन. आणि समोर माणूस असला तर थांब. बकरी असली तरी थांब."

तीन चकत्यांची त्यांनी नावं ठेवली होती. सगळ्यात जाड, बोथट कडेची, सावकाश जाणारी ती आजी. टोपलीजवळ तिचं काम. मधल्या अंतराची बाई. आणि पातळ धारेची, लांब जाणारी, हातातून सुटली की कोणाच्या बापाचं न ऐकणारी, ती पोट्टी. नवशिक्याला पोट्टीच हवी असते. मलाही हवी होती. भाऊंनी दिली नाही. "पहिले सहा महिने आजी," ते म्हणाले. "आजीसंगं सरळ चालता आलं का मंग पोट्टीचं पाहू." मी मोजले, बरोबर सहा महिन्यांनी त्यांनी पोट्टी माझ्या हातात दिली आणि मी ती पहिल्याच फेकीला विहिरीत घातली.

त्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं. पौषातले दिवस होते आणि बगीचा ताणावर होता. म्हणजे झाडांचं पाणी तोडलेलं असतं. महिना-दीड महिना झाडं तहानेली ठेवली की मग पाणी दिल्यावर ती फुलतात. त्या काळात बगीच्यात पाण्याचा थेंब सोडायचा नाही, हे काटोलकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भाऊ विहिरीच्या काठावर दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मग उठले आणि मोटार सुरू केली. विहीर उपसल्याशिवाय चकती दिसणार नव्हती, आणि उपसलेलं पाणी पाटाने जाणार कुठे, तर झाडांच्या मुळाशी.

वहिनी धावत आल्या. "काय करून राहिले तुमी? ताण मोडला ना!"

"मोडू दे."

"एका थालीसाठी?"

"थाली नोय ते," भाऊ म्हणाले आणि विहिरीत वाकून पाहू लागले.

मध्येच लाइन गेली, तासाभराने आली. संध्याकाळी दोर धरून भाऊ स्वतः खाली उतरले आणि पोट्टी छातीशी धरून वर आले. त्या वर्षी बहर आलाच नाही. वहिनी त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत, माझ्याशी पंधरा. भाऊ मात्र दुसऱ्या सकाळी प्रत्येक झाडापाशी जाऊन हात जोडून आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

त्यांचा प्रामाणिकपणा मात्र छळवाद होता. एकदा त्यांची चकती कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या तुरीत पडली आणि दगडावर आपटून परत आत आली. बाहेर गेली की एक फेक वाढवून लिहायची असते. मी पाठमोरा होतो, मला काही दिसलं नव्हतं. भाऊंनी स्वतःहून सांगितलं आणि एक वाढवली. मी म्हणालो, "भाऊ, कोनी पाहिलं?" तर म्हणाले, "मी पाहिलं ना. मी काय कोनीच नाई का?"

या खेळाचा एक नियम आहे, आणि भाऊंनी सगळं आयुष्य त्या एका नियमावर आणून ठेवलं होतं. पहिली फेक झाली, की टोपलीपासून जो लांब असेल त्याची चाल आधी. जवळच्याने उभं राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, वाट पाहायची. मी विचारलं, "काहून?"

"काहून म्हंजे? जो मागं राहिला, त्याले असं वाटलं नाई पायजे का सारे आपल्याले सोडून पुढं गेले."

कंपनीच्या मीटिंगमध्ये हे गृहस्थ सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या नव्या पोराकडे बोट दाखवून म्हणायचे, "पहिले त्याले बोलू द्या." लग्नाच्या पंगतीत सगळ्यात दूरच्या गावाहून आलेला पाहुणा शोधून त्याला पहिल्या पंगतीला बसवायचे, मग तो नवरदेवाचा मामा असो की ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. आणि लेकीला कधीही स्वतःहून फोन करायचे नाहीत. ती लांब, चाल तिची. रविवारी साडेनऊला तिचा फोन यायचा. भाऊ नऊपासून मोबाइल हातात धरून ओट्यावर बसायचे आणि रिंग पुरी वाजायच्या आत "बोल वं" म्हणायचे. वहिनी म्हणत, "एवढी घाई हाये तर तुमीच लावा ना." भाऊ ऐकू न आल्यासारखं करायचे. मी या सगळ्याला हसायचो. पाच वर्षं हसलो. खेळून झालं की वहिनींच्या हातचा गोळाभात खायचो, वर कच्चं तेल ओतून, आणि नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी दुपारी झोपायला जायचो.

पाच वर्षांत मी भाऊंना एकदाही हरवलं नाही. आठ टोपल्यांपर्यंत सोबत चालायचो आणि नवव्या टोपलीवर माझा हात आखडायचा.

शेवटच्या रविवारी आठव्या टोपलीनंतर आमची बरोबरी होती. नववीला दोघांची पहिली फेक झाली. त्यांची चकती टोपलीपासून अकरा पावलांवर पडली, माझी चाळीसवर. चकती पडली त्या जागी छोटं झाकण ठेवून खूण करायची आणि चकती उचलायची, अशी रीत. भाऊंचं झाकण सुपारीच्या डबीचं होतं, माझं बामच्या बाटलीचं. मी झाकण हातात घेऊन उभा राहिलो आणि माझ्याने वाकवेना. चार दिवसांपासून एक कागद माझ्या बॅगेत होता. खात्यात भाऊ सोडून सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ज्यांना पहिल्यांदा सांगायचं त्यांनाच मी टाळत आलो होतो.

"भाऊ, मले पुण्याले नोकरी लागली."

भाऊ टोपलीकडे पाहत होते. "कधी निघनं हाये?"

"बुधवारी."

"म्हंजे सारं ठरून गेलं."

"हाव."

ते चालत माझ्याकडे आले. माझ्या हातातलं झाकण घेतलं, वाकून स्वतः जमिनीवर ठेवलं आणि बुटाने नीट दाबलं. मग परत जाऊन आपलंही तसंच दाबलं.

"राहू दे आता," म्हणाले. "ही चाल तू परत आल्यावर फेकजो."

"भाऊ, एक मिनिट लागते. फेकतो ना."

"नाई. घाईत फेकू नको."

"बरं. दिवाळीले येतो."

"ये. तोपर्यंत मी काई फेकत नाई. तू लांब हाये." मग आजी माझ्या पिशवीत टाकली. "हे ने संगं. सराव सोडू नको."

दोघेही हसलो. मी हसण्यावारीच नेलं.

दिवाळीला मी गेलो नाही. नव्या प्लांटमध्ये मशिनं बसत होती. पुढच्या दिवाळीपर्यंत आईबाबांना पुण्याला आणलं आणि नागपूरला जायचं निमित्तच संपलं. पहिले काही महिने मी भाऊंच्या फोनची वाट पाहिली. लागलास का रांगेला, घर मिळालं का, एवढं तरी माणूस विचारतो. फोन आला नाही. मला वाटलं, शेवटी सांगितलं म्हणून रागावले. मग मलाही राग आला. पाच वर्षं ज्याच्याकडे दर रविवारी गेलो त्याला एक फोन करवत नाही? मोबाइलमध्ये त्यांचं नाव काढायचो, पाहायचो, ठेवून द्यायचो. पुण्यात रविवारी सकाळी जाग आली की कानात चेनचा आवाज असायचा. गच्चीवर आजी हातात घेऊन उभा राहायचो. समोर इमारती, खाली गाड्या. फेकायला जागाच नव्हती. अशी सहा वर्षं गेली, आणि ती कुठे गेली याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

गेल्या थंडीत त्यांच्या लेकीचा मेसेज आला. भाऊ सकाळी बगीच्यात गेले होते, तिथेच गेले. मेसेज येईपर्यंत चौदावं होऊन गेलं होतं. तरी मी निघालो. निघताना आजी बॅगेत टाकली. का, ते मला सांगता आलं नसतं.

काटोल रोडला उतरलो तर संत्र्याच्या फुलांचा वास रस्त्यापर्यंत आला होता. म्हातारी झाडं पांढरी झाली होती. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"आले का भाऊजी," म्हणाल्या. "लय दिवस लावले."

मी तेच बोललो जे सहा वर्षं मनात होतं. "वहिनी, मले वाटलं ते रागावले. एक फोन नाई केला त्यायनं."

"मी म्हनो ना, करा एक फोन, बोट झिजते का. तर म्हनत, मी कसा करू? तो लांब हाये, चाल त्याची हाये. मी आधी फेकली तर खेळ मोडते." वहिनी पदराने हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. "रविवारी पोरीचा फोन होऊन जाये, तरी मोबाइल खाली ठेवत नव्हते. मी इचारलं का म्हनत, असाच धरला."

हा नियम त्यांनी माझ्यासमोर शंभरदा सांगितला होता. ते लेकीच्या फोनची वाट पाहायचे तेव्हा मी त्यांना हसलो होतो. तिला कळत होतं म्हणून ती न चुकता फोन करायची. मलाही कळायला हवं होतं. ते तिथे उभे होते, न बोलता, न हलता, जसं जवळच्याने उभं राहायचं असतं तसे. आणि मी इकडे रुसून बसलो होतो.

"रागावले असते," वहिनी उठत म्हणाल्या, "तं ते झाकन उचलून फेकलं नसतं का? चला, दाखवतो."

नवव्या टोपलीच्या वाटेवर गवत गुडघाभर होतं. पण माझ्या जागेभोवती हातभर गोल कोणीतरी खुरपून स्वच्छ ठेवला होता. मधोमध सिमेंटचा लहानसा ओटा, आणि त्यात बसवलेलं बामच्या बाटलीचं झाकण. पुढे, टोपलीजवळ, तसाच दुसरा. सुपारीच्या डबीचं झाकण उन्हात चमकत होतं.

"पावसात वाहून जाईन म्हने," वहिनी म्हणाल्या. "सा वर्सं आठच खेळले. नववीपाशी येत, गवत काढत, पाहून परत जात. तिथंच सापडले त्या दिशी. हातात खुरपं होतं."

मग त्या मला तिथे ठेवून घराकडे वळल्या.

मी बॅगेतून आजी काढली. अंगठा वर, बोटं खाली. समोर माणूस नव्हता, बकरी नव्हती. हात फक्त निरोप देतो, हे मनात म्हटलं आणि सोडली. चांगली गेली. फुललेल्या दोन झाडांमधून सरळ गेली, मग जोर संपला आणि डावीकडे कलून गवतात बसली. साखळ्यांचा आवाज काही झाला नाही.

मी चालत गेलो आणि तिथून टोपलीपर्यंत पावलं मोजली. चौदा. भाऊंची अकरा.

चौदा पावलांवरून आजी टोपलीत टाकणं मला जमण्यासारखं होतं. पण ती पडली असती तर पुढची चाल भाऊंची झाली असती. मग मी तिथे उभा राहून कोणाची वाट पाहिली असती? मी खिशातून बाटलीचं एक झाकण काढलं, चकती होती त्या जागी ठेवलं आणि बुटाने दाबलं. जाताना एक फांदी डोक्याला लागली, फुलं गळाली. मी हात जोडून त्या झाडाची माफी मागितली.

वहिनींनी पानं वाढली होती. गोळाभाताचा वास येत होता.

"झाला का खेळ?" त्यांनी विचारलं.

"नाई वहिनी," मी म्हणालो, "अजून मीच लांब आहो."